सत्यशीलेचं बोट

सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी, सकाळी उपाशीपोटी, भिलाईच्या सेक्टर दहाच्या एका क्वार्टरमध्ये चंपत रामटेकेची शुगर तपासली जायची, आणि बोट पुढे करायची त्याची बायको!

छापण्यात चूक झालेली नाही, वाचकहो. शुगर नवऱ्याची, बोट बायकोचं. पूर्ण दोन वर्षं हा प्रकार चालला, आणि चालवणारा माणूस काही अडाणी नव्हता. विहाराच्या समितीचा सचिव होता. चौदा एप्रिलला माईक हातात घेऊन स्त्रियांच्या हक्कांवर असा बोलायचा की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या डोळे पुसायच्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते हेच.

झालं असं, की चंपत प्लांटमध्ये लॅडल क्रेनचा ऑपरेटर होता. लॅडल म्हणजे वितळलेल्या पोलादानं भरलेली खोलीएवढी बादली. ती उचलायची आणि शेडच्या या टोकाकडून त्या टोकाला न्यायची. त्याचा बाप भंडाऱ्याकडून इथं मजुरीला आला होता, जन्मभर डोक्यावर घमेली वाहिली. पोरगा साठ फुटांवरच्या केबिनमध्ये जाऊन बसला तेव्हा म्हातारा वस्तीभर सांगत फिरला, "माहा चंपत वर बसते, वर!" बाप गेला, पण ते 'वर' चंपतच्या डोक्यात राहून गेलं.

काम मात्र चोख, त्यात खोट काढायला जागा नाही. एकदा ओझं उचलताना वजनाचा काटा जास्त दाखवायला लागला. खालचे ठेकेदाराचे लोक ओरडले, "काटा खराब है दादा, उठा लो!" चंपतनं हुक जागच्या जागी थांबवला आणि स्वतः खाली उतरून पाहिलं. साखळी खालच्या लोखंडात अडकलेली. उचललं असतं तर तुटून खालच्या माणसांवर आली असती. तेव्हापासून नव्या पोरांना तो एकच वाक्य शिकवायचा, "काटा खोटं नाई बोलत बे, माणूस बोलते."

हे वाक्य ध्यानात ठेवा.

बावन्नाव्या वर्षी चंपतला शुगर निघाली. डॉक्टर भला माणूस. त्यानं सरळ सांगितलं, "रामटेके जी, आपके नीचे लोग काम करते हैं. शुगर कंट्रोल में नहीं रही तो क्रेन पर नहीं भेज सकता." आठवड्यातून तीनदा घरी तपासा आणि महिन्याला दाखवा, असं ठरलं. चंपतनं पहिल्या महिन्यात वहीत छान छान आकडे लिहून नेले. डॉक्टर हसला. म्हणाला, "डायरी तो कोई भी भर लेता है. मशीन लेकर आइए, मशीन में तारीख के साथ सब रहता है."

झाली की नाही पंचाईत! मशीनमध्ये दोनशे ऐंशी, तीनशे दहा असले आकडे. गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या. शिफ्ट सुटल्यावर चौकात गरम जिलेबी. फिरायला जायचं म्हटलं की गुडघा दुखायचा. सोडायचं काहीच नव्हतं आणि केबिनही सोडायची नव्हती. मग त्यानं जुनी मशीन फेकून कोरी नवी आणली.

"सत्यशीले, इकडं ये. बोट दे."

सत्यशीला पोळ्या लाटत होती. हात पदराला पुसत आली. "माहं बोट कावून जी?"

"तुले काई रोग हाय का? नाई ना? मंग दे. तुया रक्तानं माही ड्युटी वाचते. दोन-चार महिन्याची गोष्ट हाय, तोपर्यंत मी कंट्रोल करतो."

तिनं दिलं. का दिलं, असं तुम्ही विचाराल. तिनं आजवर काय दिलं नव्हतं? सासऱ्याचं दुखणं काढलं, मुलीला शिकवलं, तिन्ही पाळ्यांचे डबे भरले. त्यात एक बोट जड झालं नाही. सुई टोचली, थेंब पट्टीवर लावला. एकशे अठरा.

"वाह!" चंपत खुश झाला. "पाह्य, एकशे अठरा! डॉक्टर आता काय बोलते पाहू."

डॉक्टरनं पाठ थोपटली. शुगरच्या माणसासाठी उपाशीपोटी एकशे अठरा म्हणजे छानच. पण धडधाकट बाईसाठी तो आकडा धोक्याची घंटा होता, हे त्या घरात कुणी पाहिलं नाही. पाहणार कोण? तो आकडा तिचा होताच कुठं?

मशीन चंपतची झाली, बोट सत्यशीलेचं राहिलं, आणि दोन-चार महिन्यांची गोष्ट लांबत गेली. डॉक्टर मधूनमधून तीन महिन्यांच्या शुगरची रक्ततपासणी लिहून द्यायचा. त्या दिवशी नेमकी चंपतची शिफ्ट बदललेली असायची. वर्षाच्या मेडिकलच्या आधी पंधरा दिवस तो भात सोडायचा, गोळ्या घड्याळ लावून घ्यायचा, आणि निभावून न्यायचा. मेडिकल झालं की पुन्हा जिलेबी.

आणि आकडे चढायला लागले. सत्यशीलेचे.

एकशे सदतीस. एकशे बावन्न. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीला एकशे शहात्तर.

"काल रात्री काय खाल्लं व तू?" चंपत खेकसला.

"काय खाऊन राहिली मी? उरला होता तो भात खाल्ला."

"उरला म्हणून खाते का? माहा रेकॉर्ड बिघडून राहिला ना! रविवारी, मंगळवारी, शुक्रवारी रातचं जेवायचं नाई."

ऐका, ऐका! नवऱ्याची शुगर बरी दिसावी म्हणून बायकोनं उपाशी झोपायचं! आणि ती झोपलीसुद्धा. सकाळी उठून बोट पुढे करायची आणि आकडा पाहून स्वतःच ओशाळायची. "आज पन्नासनं जास्त आली जी. मी काईच नाई खाल्लं, बाबासाहेबाची शपथ." जणू चोरी तिचीच पकडली गेली होती.

तिला तहान फार लागायची. माठाजवळ जाऊन दोन-दोन पेले रिचवायची. ब्लाउज ढिले झाले. बायका म्हणायच्या, बारीक झालीस, छान दिसतेस. पायाला मुंग्या यायच्या, मग मुंग्याही येईनाशा झाल्या. तिला वाटलं, बरं झालं, दुखणं गेलं.

मार्चमध्ये आकडा दोनशे छत्तीसवर गेला. आता मात्र चंपतला खात्री पटली. मशीन बिघडली! त्यानं सेल बदलले, दोनशे एकोणतीस. पट्ट्यांची नवी डबी आणली, दोनशे एक्केचाळीस. नशिबानं त्या सोमवारी होळीच्या सुट्टीला संघमित्रा माहेरी आली होती. त्यांची लेक, कुम्हारीला दिलेली, तिथंच शाळेत शिकवायची.

"बेटा, बोट दे. मशीन चेक करून राहिलो."

संघमित्राची शुगर आली ब्याण्णव.

"हाय ना बरोबर!" चंपतनं मांडी थोपटली. "मशीन एकदम बरोबर हाय!"

वाचकहो, इथं जरा थांबा. मशीन बरोबर आहे हे त्या माणसानं स्वतः तपासून पाहिलं. स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मग दोनशे छत्तीस कुणाचे, हा पुढचा प्रश्न दुसरीतलं पोरगंही विचारेल. चंपतनं तो विचारला नाही. साठ फुटांवरून काट्याचा थरथराट ओळखणारा माणूस, त्याला समोर बसलेली बायको दिसली नाही.

संघमित्रानं विचारलं होतं. "बाबा, आई की भी देख लो ना. किती सुकली ती."

"आईले काय झालं? उन्हाळा हाय. तुया आईच्या बोटात दमच नाई, रक्तच बरोबर निघत नाई," असं म्हणून चंपतनं लेकीचंच बोट आणखी एकदा टोचून घेतलं. त्या सोमवारच्या आपल्या खात्यावर.

डॉक्टर गोळ्या वाढवत राहिला, आणि मार्चनंतर चंपतनं मशीन रिपेअरला दिली असं सांगून मधले महिने ढकलले. मे महिना आला. भिलाईचा मे काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. सत्यशीला कुरडया वाळवायला गच्चीवर गेली, अनवाणी. चपला जिन्यात राहिल्या होत्या. अर्धा तास ती त्या तापल्या सिमेंटवर फिरून कुरडया घालत राहिली. शेजारची मथुरा गच्चीच्या दारातून ओरडली, "दीदी, तोर गोड़ नइ जरत हे का?"

सत्यशीला हसली. "नाई जळत बाई, माहे पाय पक्के झाले. काईच नाई लागत."

संध्याकाळी तळव्याला, करंगळीच्या खाली, फोड होता, रुपयाएवढा. ती हळद लावून कामाला लागली. फोड फुटला. आठ दिवसांनी करंगळी आणि शेजारचं बोट काळपट दिसायला लागलं. पंधराव्या दिवशी घरात वास येऊ लागला. चंपत म्हणाला, "उंदीर मेला वाटते कुठं."

उंदीर नव्हता.

नंदिनी नगरहून रुक्माताई आली ती त्याच आठवड्यात. रुक्माताई म्हणजे चंपतची थोरली बहीण. तिकडं खाणीच्या दवाखान्यात तिची तीस वर्षं मलमपट्टी करण्यात गेली, आता रिटायर. तिनं उंबऱ्यातच नाक वर केलं. पिशवी खाली ठेवली, पाणीसुद्धा घेतलं नाही. "सत्यशीले, पाय दाखव."

"काई नाई ताई, भाजलं जरासं..."

"दाखव म्हटलं ना मी!"

पाय पाहिला आणि रुक्माताई खालीच बसली. काळी बोटं दाबून पाहिली. मग म्हणाली, "चंपत, घरात शुगरची मशीन हाय ना तुयी? आण."

चंपत जागचा उठला नाही. "ताई, मशीन जराशी गडबड करते..."

"आण म्हटलं!"

तिनं सत्यशीलेचं बोट हातात घेतलं. टोचायला गेली आणि थबकली. बोटाच्या टोकाला चाळणीसारखी भोकं पडलेली. दुसरं बोट पाहिलं, तेही तसंच. दहाच्या दहा. रुक्माताईनं मान वर करून भावाकडं पाहिलं. चंपत भिंतीकडं पाहत होता. थेंब पट्टीवर पडला. तीनशे अठ्ठ्याऐंशी.

"मी सांगून राहिलो ना, ते मशीनच..."

"मशीनले काई झालं नाई." हे सत्यशीला बोलली. आवाज चढवला नाही. "मागचेबी पाहा ताई. बटन दाबा. सारे माहेच हायेत. मधात दोन-चार संघमित्राचे, बाकी सारे माहे. आकडा कमी यावा म्हणून उपाशीबी झोपली मी, तरी ओरडा माह्यावरच."

रुक्माताई बटण दाबत गेली. दोनशे एकोणसत्तर. दोनशे छत्तीस. एकशे शहात्तर. एकशे सदतीस. तारीख, वेळ, सगळं. मागे मागे जात थेट एकशे अठरापर्यंत. सोमवार, बुधवार, शनिवार, एकही वार चुकलेला नाही. एखाद्या बाईच्या दुखण्याची इतकी बारीक नोंद कुणी ठेवली नसेल. आणि ते दुखणं तिला आहे हे तिलाच कुणी सांगितलं नव्हतं!

"चंपत." रुक्माताईचा आवाज फाटला. "तू पाहात होता? हे चढून राहिलं होतं, आन् तू पाहात होता?"

"मले वाटलं..."

"काय वाटलं तुले? काटा चुकला? अन् प्लांटमधी पोराईले काय शिकवते तू? काटा खोटं नाई बोलत! लोखंडाचा काटा खरा, अन् बायकोच्या रक्ताचा खोटा? तिले उपाशी झोपवलं तू! तिले दवाखान्यात न्यायचं सोडून तिच्यावरच ओरडला! भिंतीवर फोटो कोणाचा हाय, पाह्य जरा. त्याच्याच खाली बसून टोचत होता ना?"

"ताई, माही ड्युटी गेली असती. बाबा म्हणत होता, चंपत वर..."

"बाबानं तुले वर बसवलं ते खालच्या लोकाईवर नजर ठेवाले! वाढलेली शुगर घेऊन तू लोकाईच्या डोक्यावरून पोलाद नेत होता. एक दिवस डोये अंधारले असते तर? किती घरच्या बाया रांडवल्या असत्या?"

केबिनमध्ये दोनदा चंपतची नजर धुरकटली होती. त्यानं ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मी काई बोलली नाई," सत्यशीला म्हणाली. "मले वाटलं, माहंच कुठं चुकून राहिलं. नंतर नंतर समजत होतं मले. पोट्टीची ब्याण्णव आली त्याच दिवशी समजलं. म्हटलं, हे आज विचारतीन, उद्या विचारतीन. तुमी मशीनचे सेल बदलले. पट्ट्या बदलल्या. मले एकदाबी विचारलं नाई."

ती रडली नाही. रडली असती तर चंपतला सोपं गेलं असतं.

त्याच दुपारी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. चंपतला महिन्याला तपासणारा डॉक्टरच तिथं होता. त्यानं पाय पाहिला, कागद पुढे सरकवला. दोन बोटं काढावी लागतील, वेळ लावला तर पाऊल. सहीच्या वेळी डॉक्टरनं विचारलं, "इनकी शुगर पहले कभी चेक हुई है?"

'नाही' म्हटलं की सुटका होती. कुणाला काही कळलं नसतं. शर्टाच्या खिशात मशीन होती. चंपतनं ती काढून टेबलावर ठेवली.

"हुई है साब. दो साल से हुई है. ये जो आप हर महीने देखते थे ना, ये मेरी नहीं है. ये इसकी है."

डॉक्टरला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं शिवी दिली नाही, आवाजही चढवला नाही. चष्मा काढून ठेवला आणि म्हणाला, "दो साल पहले आती तो गोली और पैदल चलने से काम हो जाता, रामटेके जी." मग त्यानं चंपतचं बोट ओढून घेतलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या मशीनवर चंपतचं रक्त पडलं. तीनशे बेचाळीस.

सत्यशीलेची दोन बोटं गेली. चंपतची क्रेन गेली. आता तो खाली, स्टोअरमध्ये, हातमोजे आणि हेल्मेट वाटतो. वरून क्रेनची घंटा वाजली की त्याची मान आपोआप वर जाते. चौकशी झाली, कागदावर ठपका आला, पगारवाढ थांबली. त्याबद्दल तो कुणाकडं कुरकुरला नाही. कुठल्या तोंडानं कुरकुरेल?

आषाढी पौर्णिमेला विहारात समितीनं त्याला नेहमीप्रमाणे बोलायला उभं केलं. चंपतनं माईक घेतला नाही. मशीन हातात धरून, आहे ते सगळं सांगितलं. आपल्या तोंडानं, बायकोच्या समोर, लेकीच्या समोर. मग तो म्हणाला, "पुरुषाईची शुगर मेडिकलमधी होते. नोकरी हाय म्हणून होते. आता सांगा, तुमच्यापैकी किती जणाईनं आपल्या बायकोची तपासली?"

एक हात वर झाला नाही. एकही नाही! भलेभले जमिनीकडं पाहू लागले.

रुक्माताई पट्ट्यांची डबी घेऊन दाराशी बसली. त्या दिवशी अठ्ठावीस बायांनी स्वतःच्या नावानं बोट पुढे केलं, त्यांतल्या बहुतेकींनी जन्मात पहिल्यांदा. सात जणींची शुगर वाढलेली निघाली. त्यांतल्या एकीचा नवरा म्हणाला, "पर हिले त काईच त्रास नाई." सत्यशीला काठी टेकत त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि तिनं पायातली चप्पल काढली. त्याला पुढे काही सांगावं लागलं नाही.

आता रामटेक्यांच्या घरी दोन मशीन आहेत, दोन वह्या आहेत. चंपत गोळ्या चुकवत नाही, चौकातून जाताना मान वळवत नाही. सकाळी तो आधी सत्यशीलेच्या पायांकडं पाहतो, बोटांच्या मधल्या जागा पुसतो, तेल लावतो. मग तिची शुगर तपासतो.

पहिल्याच दिवशी तो सुई घेऊन बसला तेव्हा सत्यशीलेनं सवयीनं बोट पुढे केलं आणि विचारलं, "आज कोणाच्या नावानं?"

टोमणा नव्हता तो. तिनं खरंच विचारलं होतं. दोन वर्षं हाडात मुरलेला प्रश्न होता. चंपतच्या हातातून सुई खाली पडली. तो तिचा हात धरून ओक्साबोक्शी रडला. ती त्याच्याकडं पाहत बसली. तिनं हात सोडवून घेतला नाही, आणि त्याच्या पाठीवरूनही फिरवला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "चहा ठंडा होऊन राहिला. तपासून घ्या."

तिनं माफ केलं की नाही, हे चंपतला आजही माहीत नाही. विचारायची त्याची हिंमत होत नाही.

तर वाचकहो, ही गोष्ट ऐकून चंपतला शिव्या देऊ नका, तो त्या स्वतःच देऊन घेतो. तुम्ही एवढंच करा. उद्या सकाळी घरातली मशीन काढा. स्वतःची शुगर स्वतःच्या रक्तानं तपासा, आकडा कितीही कडू असला तरी गिळा, आणि डॉक्टरला खराखुरा दाखवा. खोट्या आकड्यानं रोग फसत नाही, फसतो तो आपणच. आणि मशीन डब्यात ठेवायच्या आधी, सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेलं खाणारी जी कुणी तुमच्या घरात असेल, आई असेल, बायको असेल, बहीण असेल, तिला हाक मारा. तिचं बोट हातात घ्या. आणि आकडा तिच्या नावानं लिहा!